स्पॅनिश नाटुकलं आणि 'प्रिन्सेसा हुआना'चा घोळ: राजघराण्यातल्या पदव्यांना नेमके शब्द कुठले?

निळीशाई | शुक्रवार, रात्री १०:५०

मंडळी, जरा मदत हवी आहे, आणि थोडं रडगाणंही आहे.

गेली चार वर्षं मी पुण्यात स्पॅनिश शिकतेय. आमच्या बॅचने यंदा वर्षअखेरीला पंचवीस मिनिटांचं नाटुकलं बसवायचं ठरवलं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विषय मीच निवडला: कास्तियाची (स्पेनमधलं एक जुनं राज्य) राणी हुआना, जिला 'वेडी हुआना' म्हणून सगळे ओळखतात. पाच प्रवेश आहेत. पहिला १४९६ चा, सोळा वर्षांची हुआना लारेदो बंदरातून लग्नासाठी फ्लँडर्सला निघते तो. शेवटचा १५२० चा, तोर्देसियासच्या वाड्यात डांबलेली हुआना आणि तिच्या दाराशी आलेले बंडखोर.

संहिता वायादोलिदच्या एका बाईंना दाखवली. त्या आमच्या वर्गाला ऑनलाइन संभाषण शिकवतात. कागद परत आला तो तांबडाभडक. पहिल्याच पानावर 'ला प्रिन्सेसा हुआना'ला सात वेळा गोल, आणि समासात एकच ओळ: 'अजून नाही. ही इन्फान्ता आहे.' मी शहाण्यासारखं पूर्ण फाइलमध्ये 'शोधा आणि बदला' चालवलं, प्रिन्सेसाची इन्फान्ता केली आणि पुन्हा पाठवली. तर दुसऱ्या प्रवेशात गोल: 'आता ही प्रिन्सेसा झाली.' तिसऱ्यात गोल: 'आता ही राणी. इन्फान्ता कुठून आली परत?'

त्यात हुआनाच्या नवऱ्याचं मी केलं होतं 'फेलिपे एल गुआपो'. मूळ पुस्तक इंग्रजी, त्यात तो 'हँडसम', शब्दकोशात हँडसमला गुआपो. त्यापुढे बाईंनी तीन उद्गारचिन्हं काढलीत.

तर प्रश्न असे. प्रिन्सिपे कुणाला म्हणायचं आणि इन्फान्ते कुणाला? हुआनाची आई इसाबेल वारल्यावर बाप फेर्नांदो राजा राहतो की नाही? दरबारी लोक हुआनाला हाक काय मारत असतील, इंग्रजी मॅजेस्टीसारखं 'माहेस्ताद'? आणि आदरार्थी 'उस्तेद' वापरलं तर चालेल का? रविवारी वाचन आहे. वाचवा.

---

तिठा | शुक्रवार, रात्री ११:३५

निळीशाई, माद्रिदमध्ये नऊ वर्षं काढली आहेत, थोडंफार सांगू शकतो.

तुमचा घोळ स्पॅनिशमुळे नाही, इंग्रजीमुळे झालाय. इंग्रजीत राजाची सगळी पोरं प्रिन्स आणि प्रिन्सेस. तुम्ही मराठीतून थेट गेला असतात तर अडला नसतात, कारण आपल्याकडे दोन शब्द आधीच आहेत: राजपुत्र आणि युवराज. राजाला पाच मुलगे असले तर राजपुत्र पाच, युवराज एकच. स्पॅनिशमध्ये तो एक म्हणजे प्रिन्सिपे, बाकीचे इन्फान्ते. मुलगी गादीची वारस असेल तर प्रिन्सेसा, नसेल तर इन्फान्ता. झालं.

आजचंच घर बघा. राजा फेलिपे सहावा याच्या दोन मुली. थोरली लेओनोर, ती प्रिन्सेसा दे आस्तुरियास. ३१ ऑक्टोबर २०२३ ला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी तिने संसदेत संविधानाची शपथ घेतली. धाकटी सोफिया, ती इन्फान्ता. एकाच आईबापांच्या मुली, वयात दीड वर्षाचं अंतर, आणि पदवी वेगळी. इथे कुणी चुकून 'प्रिन्सेसा सोफिया' म्हणालं तर शेजारची आजी लगेच सुधारते.

आस्तुरियासचा प्रिन्सिपे ही पदवी १३८८ पासूनची. कास्तियाचा हुआन पहिला याने मुलगा एन्रिके आणि सून कातालिना दे लँकेस्टर यांच्या लग्नाच्या वेळी ती सुरू केली.

'इन्फान्ते' मुळात लॅटिनमधलं, म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही असं तान्हं. राजाघरचं ते 'बाळ', मग साठीचं झालं तरी इन्फान्तेच. आपल्याकडे घरातल्या थोरल्याला बाळासाहेब म्हणतात आणि बाळासाहेब सत्तर वर्षांचे असतात, तसंच.

---

चकली_वाकडी | शुक्रवार, रात्री ११:५२

फेलिपे एल गुआपो 😂😂 म्हणजे 'फिल्या देखणा, कोथरूड'.

---

तिठा | शनिवार, सकाळी ७:१०

अगदी तसंच ऐकू येतं. गुआपो रोजच्या तोंडातला शब्द आहे, भाजीवालीही गिऱ्हाइकाला म्हणते, 'घे रे गुआपो, टोमॅटो घे'. इतिहासात तो फेलिपे 'एल एर्मोसो'. टोपणनावं भाषांतर करायची नसतात, शोधायची असतात.

---

इतिहासकिडा | शनिवार, सकाळी ९:२०

छान धागा. हुआनाची गोष्ट पदव्यांसाठी सोन्याची खाण आहे, कारण या बाईची पदवी तिच्या कर्तृत्वाने नाही, दुसऱ्यांच्या मरणाने बदलत गेली. तुमच्या बाई प्रवेशागणिक वेगळा गोल का काढतायत ते यावरून कळेल.

हुआना जन्मली १४७९ मध्ये, इसाबेल आणि फेर्नांदो यांचं तिसरं अपत्य. वर थोरली बहीण इसाबेल आणि भाऊ हुआन. भाऊ प्रिन्सिपे, म्हणून ही इन्फान्ता. १४९६ च्या ऑगस्टमध्ये लारेदोहून निघाली ती इन्फान्ता म्हणूनच. फ्लँडर्सला पोचून फेलिपेशी लग्न झाल्यावर ती आर्चिदुकेसा, म्हणजे आर्चडचेस. म्हणजे तुमचा पहिला प्रवेश जहाजावर संपत असेल तर इन्फान्ता, तिकडे उतरून संपत असेल तर आर्चिदुकेसा.

मग मरणं सुरू झाली. १४९७ मध्ये भाऊ हुआन गेला, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वारसा थोरल्या बहिणीकडे, ती पोर्तुगालची राणी. ती १४९८ मध्ये बाळंतपणात गेली. मागे राहिलेलं मूल मिगेल, तो प्रिन्सिपे. तो दोन वर्षांचा होण्याआधी १५०० मध्ये ग्रानादात गेला. आणि फ्लँडर्समध्ये बसलेली, वारसाहक्काशी कधी संबंध येईल असं कुणालाही न वाटलेली हुआना एकदम प्रिन्सेसा झाली. १५०२ मध्ये तोलेदोला कोर्तेसने, म्हणजे तिथल्या सभेने, तिच्यासमोर शपथ घेतली. तुमचा दुसरा प्रवेश हाच असणार.

२६ नोव्हेंबर १५०४ ला मेदिना देल कांपोत इसाबेल वारली. त्याच दिवशी तिथल्या चौकात निशाण उभारून 'कास्तिया, कास्तिया, राणी दोन्या हुआनासाठी!' असा पुकारा झाला. पुकारा कुणी करवला? खुद्द बापाने. आणि इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. फेर्नांदो कास्तियात राजा होता तो बायकोमुळे. बायको गेली, राजेपण गेलं. अरागोनचा तो राजा राहिलाच, ते त्याचं स्वतःचं घर. पण कास्तियात त्या दिवसापासून तो 'गोबेर्नादोर', मुलीच्या नावाने कारभार बघणारा. तुम्ही 'रेहेन्ते' लिहिलं असेल तर आजच्या वाचकाला कळेल, चूकही नाही म्हणणार कुणी. पण त्या काळच्या तोंडी गोबेर्नादोर बसतं. मी असतो तर त्या प्रवेशात एका पात्राला चुकून 'रेइ', म्हणजे राजा, म्हणायला लावलं असतं आणि फेर्नांदोला अर्धा क्षण गप्प बसवलं असतं.

हुआनाला मात्र 'रेइना प्रोपिएतारिया' म्हणायचे. प्रोपिएतारिया म्हणजे मालकीण. नवऱ्यामुळे राणी झालेली ती 'कोन्सोर्ते', स्वतःच्या हक्काने झालेली ती प्रोपिएतारिया. कागदोपत्री मालकीण, आणि १५०९ पासून मरेपर्यंत, १५५५ पर्यंत, तोर्देसियासमध्ये कोंडलेली. एवढा एक शब्द नाटकात योग्य जागी आला तरी पुरे.

---

निळीशाई | शनिवार, सकाळी ११:०५

इतिहासकिडा, दंडवत. फेर्नांदोच्या अर्ध्या क्षणाची कल्पना ढापतेय, आधीच सांगून ठेवते.

आता हाक मारण्याचं सांगा कुणीतरी. मी सरसकट 'सु माहेस्ताद' आणि 'उस्तेद' टाकलंय.

---

कोलांटी | शनिवार, सकाळी ११:४०

अवांतर विचारते, चालेल ना? मी लहान मुलांच्या गोष्टी स्पॅनिश करायचा प्रयत्न करतेय, आमच्या शेजारी कोलंबियाचं एक कुटुंब आहे त्यांच्या मुलीसाठी. 'एका राजाला तीन राजपुत्र होते' यात मग दोघांना इन्फान्ते करायचं का? आणि विल्यम आणि हॅरी?

---

तिठा | शनिवार, दुपारी १२:१५

नाही नाही, गोष्टीत सगळे प्रिन्सिपे. बेडकाचा होतो तोही प्रिन्सिपे आणि घोड्यावरून येतो तोही. स्वप्नातल्या राजकुमाराला तर स्पॅनिशमध्ये 'प्रिन्सिपे आसुल' म्हणतात, निळा राजकुमार. गोष्टीतल्या मुलीला इन्फान्ता म्हटलंत तर पोरगी विचारेल ही कोण. कोलंबियात तर इन्फान्ता शब्द शाळेतल्या इतिहासाबाहेर फारसा कुणाच्या कानावर पडत नसेल.

इन्फान्ते फक्त स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या राजघराण्यांना. विल्यम, हॅरी दोघंही प्रिन्सिपे, कारण त्यांच्याकडे तशीच पद्धत. उलटं उदाहरणही आहे: समुद्री मोहिमा काढणारा पोर्तुगीज हेन्री. इंग्रजी पुस्तकात तो प्रिन्स, पण तो राजाचा धाकट्यांपैकी एक मुलगा, त्याच्या भाषेत तो इन्फान्ते. इंग्रजीवरून 'प्रिन्सिपे एन्रिके' लिहिलं की स्पॅनिश वाचकाला वाटतं हा गादीवर बसणार होता.

नावांचंही जाता जाता सांगतो. राजेलोकांची नावं स्पॅनिशमध्ये पूर्वापार बदलून घेतात. एलिझाबेथ ती इसाबेल, चार्ल्स तो कार्लोस, विल्यम तो गिएर्मो. त्यामुळे 'इसाबेल दुसरी' म्हटलं की कुठली हे विचारावं लागतं, स्पेनची १८३३ ते १८६८ वाली की परवा-परवापर्यंतची लंडनची. 'कार्लोस तिसरा'चं आता तेच झालंय. हॅरीला मात्र बरेच जण हॅरीच म्हणतात, नवीन पिढीची नावं तशीच ठेवायला लागलेत.

हाक मारण्याचं रात्री लिहितो, आत्ता जेवायला बसतोय.

---

पांढरी_जर्सी | शनिवार, दुपारी १:०२

कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो, रेआल माद्रिदमधलं 'रेआल' म्हणजे राजाचं! १९२० मध्ये आल्फोन्सो तेराव्याने पदवी दिली, १९३१ ला प्रजासत्ताक आल्यावर गेली आणि १९४१ ला परत मिळाली. क्लबच्या चिन्हावरचा मुकुट त्याचाच. हाला माद्रिद!

---

चकली_वाकडी | शनिवार, दुपारी १:०९

आला का हा. प्रत्येक धाग्यात येतो.

---

तिठा | शनिवार, रात्री ९:४५

पांढरी_जर्सीच्या मुद्द्यात एक कामाची गोष्ट आहे. आल्फोन्सो तेरावा असं आपण मराठीत म्हणतो, पण स्पॅनिशमध्ये तो 'आल्फोन्सो त्रेसे', म्हणजे आल्फोन्सो तेरा. दहापर्यंत क्रमवाचक: फेलिपे सेक्स्तो, आल्फोन्सो देसिमो. त्यापुढे साधा आकडा: लुइस कातोर्से, पोप हुआन बेइन्तित्रेस. रोमन आकड्यात लिहिलेलं असतं म्हणून डोळ्याला कळत नाही, रंगमंचावर मोठ्याने म्हणायची वेळ आली की फजिती. तुमच्या नाटकात सगळे पहिले-दुसरे आहेत, सुटलात.

आता हाक.

'उस्तेद' काढून टाका, पूर्ण. १५२० मध्ये तो शब्द नव्हताच. उस्तेद हा 'बुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली कृपा' या आदरार्थी बोलण्याचा झिजून उरलेला तुकडा आहे, आणि झिजायला पुढची शंभरेक वर्षं लागली. हुआनाच्या काळात उमराव आपसांत 'बोस' म्हणत. क्रियापद अनेकवचनी, आपल्या 'तुम्ही'सारखं. आई मुलीला 'तू' म्हणू शकते किंवा भर दरबारात 'बोस'. राणीशी बोलताना 'बुएस्त्रा आल्तेसा', इंग्रजी हायनेससारखं.

होय, आल्तेसा. माहेस्ताद नाही. हे बहुतेकांना पटत नाही, कारण आज आल्तेसा म्हणजे राजाहून खालची पायरी: राजाराणी माहेस्ताद, लेओनोर आणि सोफिया आल्तेसा रेआल. पण इसाबेलच्या काळात कास्तियाच्या राजालाही आल्तेसाच म्हणत. कोलंबसाची पत्रं बघा, 'बुएस्त्रास आल्तेसास'. माहेस्ताद आलं ते हुआनाच्या मुलाबरोबर. कार्लोस १५१९ मध्ये सम्राट म्हणून निवडला गेला आणि सम्राटाचा मान म्हणून माहेस्ताद लावून घेऊ लागला. तुमच्या पाचव्या प्रवेशात, १५२० मध्ये, आई आल्तेसा आणि मुलगा माहेस्ताद आहे. एकच पात्र दोघांचा उल्लेख करत असेल तर तिथे सोनं आहे, उचला.

व्याकरण आपल्याला सोपं जाईल. समोरच्या माणसाशी बोलताना 'बुएस्त्रा', त्याच्याविषयी तिसऱ्याला सांगताना 'सु'. दोन्हीकडे क्रियापद मात्र तृतीयपुरुषी. 'महाराजांनी आसनस्थ व्हावं', 'सरकारांनी बोलावलं होतं का?' असं आपण समोर उभं राहून म्हणतो ना, तसंच. इंग्रजीवाले इथे हमखास गडबडतात, आपण नाही.

एक खोच: माहेस्ताद, आल्तेसा हे शब्द स्त्रीलिंगी. शब्दाला चिकटलेलं विशेषण स्त्रीलिंगीच राहतं: राजा पुरुष असला तरी 'माहेस्ताद कातोलिका'. पण 'महाराज थकले आहेत' म्हणताना विशेषण माणसाच्या मागे जातं: राजा असेल तर 'कान्सादो', राणी असेल तर 'कान्सादा'.

---

खडूस_आजोबा | रविवार, सकाळी ६:३०

हे सर्व वाचनीय आहे. परंतु मुळात पुण्यातल्या मुलांनी परक्या वेड्या राणीवर नाटक का करावे हे समजले नाही. आपल्याकडे राण्या कमी आहेत का? ताराबाईसाहेबांवर करा, तेही स्पॅनिशमध्ये करा. आणि मग सांगा, छत्रपती या शब्दाला तुमच्या त्या भाषेत काय म्हणणार? 'रेइ'?

---

निळीशाई | रविवार, सकाळी ८:१५

आजोबा, पुढच्या वर्षी नक्की. (खरंच मनात आहे.)

छत्रपतीला मी 'छत्रपती'च ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ देईन. रेइ म्हटलं तर वाक्य चालेल, पण राज्याभिषेकाने मुद्दाम घेतलेली ती पदवी आहे, तिला सपाट करायचा मला काय अधिकार?

---

तिठा | रविवार, सकाळी ८:५०

सहमत, आणि 'माराहा' तर मुळीच नको. हा स्पॅनिशमधला आपला महाराजा, 'ज'चा 'ह' होऊन बसलेला. इथे 'माराहासारखं जगणं' हा वाक्प्रचार आहे, म्हणजे लोळत ऐश करणं. शब्दाला हत्ती, मोत्यांच्या माळा आणि पॅरिसची हॉटेलं चिकटलेली आहेत. त्याला कारणही आहे: मालागाची नर्तकी आनिता देल्गादो १९०८ मध्ये कपुरथळ्याच्या जगतजितसिंगांची राणी झाली. राजांनी तिला पाहिलं ते १९०६ मध्ये माद्रिदला, आल्फोन्सोच्या लग्नाला आले होते तेव्हा. इथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर भारतीय राजा म्हणजे तेच चित्र. शिवाजी महाराजांना त्या रांगेत बसवू नका.

---

बार्देसकार | रविवार, सकाळी १०:३०

गोंयच्यान नमस्कार. दोन शब्द आमचेही.

'रेयेस' हा शब्द तुम्ही सगळे गोव्यात येऊन वाचून गेला आहात, फक्त पोर्तुगीज वेषात. पणजीसमोर मांडवीच्या पलीकडे रेइश मागुश किल्ला आहे ना, तो रेइश म्हणजे स्पॅनिश रेयेस, राजे. बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे. सहा जानेवारीला आमच्याकडे तीन मुलगे राजे बनून घोड्यावरून निघतात. आणि दोना पावलातली 'दोना' ती स्पॅनिशमधली 'दोन्या'. हे दोन-दोन्या नेहमी नावाला लागतं, नुसत्या आडनावाला कधी नाही. 'दोन फेलिपे' बरोबर. आपलं 'बाजीराव साहेब' चालतं पण 'भट साहेब' म्हटलं की पोस्टमास्तर वाटतो, तसं समजा.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. तोर्देसियासला हुआना एकटी नव्हती. तिची धाकटी मुलगी कातालिना तिच्यासोबत होती, बापाच्या मृत्यूनंतर १५०७ मध्ये जन्मलेली. इन्फान्ता. आईच्या बंदिवासात वाढली. १५२५ मध्ये पोर्तुगालच्या राजाशी, जुआंव तिसऱ्याशी, लग्न लागून तिथून निघाली, राणी झाली. नवरा १५५७ मध्ये गेला, नातू तीन वर्षांचा, म्हणून १५६२ पर्यंत हीच रेहेन्ते. त्या काळात तिच्या नावाने गोव्यात आलेला व्हाइसरॉय म्हणजे दोम कोन्स्तांतिनो दे ब्रागान्सा. त्यानेच १५५९ मध्ये दमण घेतलं. म्हणजे निळीशाईबाई, तुमच्या शेवटच्या प्रवेशात कोपऱ्यात बसलेली तेरा वर्षांची पोर पुढे आमच्या गोव्यावर राज्य करणार आहे. तिला एखादं वाक्य द्याच.

(व्हाइसरॉय स्पॅनिशमध्ये 'बिर्रेइ', बायको असेल किंवा स्वतः बाई असेल तर 'बिर्रेइना'. विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.)

---

निळीशाई | रविवार, सकाळी १०:४८

अंगावर काटा आला. ती पोर माझ्या नाटकात होती, पण नुसती 'मुलगी' म्हणून, पाणी आणून द्यायला!

---

इतिहासकिडा | रविवार, दुपारी १२:२०

बार्देसकार, क्या बात है. ही कडी मलाही माहीत नव्हती अशी.

निळीशाई, वाचनाला जायच्या आधी एवढं वाचून जा. १५१६ च्या जानेवारीत फेर्नांदो वारला आणि पंधरा वर्षांचा कार्लोस फ्लँडर्समध्ये. कास्तियाच्या कौन्सिलने त्याला कळवलं की आई जिवंत असताना राजा ही पदवी घेऊ नये, प्रिन्सिपे म्हणून कारभार करावा. म्हणजे सगळा वाद एका शब्दाचा. त्याने ऐकलं नाही, मार्चमध्ये ब्रसेल्सला स्वतःला राजा जाहीर केलं. इकडे कास्तियाचा कारभार बघणाऱ्या कार्दिनाल सिस्नेरोसने ते रेटून नेलं. पण आईचं नाव काढायची हिंमत कुणाचीच झाली नाही, त्यामुळे पुढचे सगळे सरकारी कागद दोघांच्या नावाने. सम्राट झाल्यावरचा मायना असा सुरू होतो: दोन कार्लोस, ईश्वराच्या दयेने सम्राट, दोन्या हुआना त्याची आई, आणि तोच दोन कार्लोस, त्याच ईश्वराच्या कृपेने 'रेयेस दे कास्तिया'.

त्या मायन्याची रचना नीट बघा. सम्राट म्हणून मुलगा आधी. पण कास्तियाचा राजा म्हणून त्याला रांगेत पुन्हा उभं राहावं लागतं, आईच्या मागे. आणि मग दोघांना मिळून एक शब्द, रेयेस. एरवी रेयेस म्हणजे राजा-राणीचं जोडपं, 'लोस रेयेस कातोलिकोस' म्हणजे इसाबेल-फेर्नांदो. इथे तो शब्द कोंडलेली आई आणि कोंडून ठेवणारा मुलगा यांच्यासाठी आलाय. १५२० च्या ऑगस्टअखेर बंडखोरांचा पुढारी पादिया आणि त्याचे साथीदार तोर्देसियासला पोचले ते याच शब्दासाठी: तिची सही मिळाली असती तर बंड हे बंड राहिलं नसतं, राणीचा हुकूम झाला असता. तिने सही केली नाही. पाच डिसेंबरला राजाच्या फौजेने गाव परत घेतलं.

ती १२ एप्रिल १५५५ ला गेली. कार्लोसने जानेवारी १५५६ मध्ये कास्तियाची गादी मुलाला दिली. चाळीस वर्षांच्या राजेपणात तो कास्तियाचा एकटा राजा होता जेमतेम नऊ महिने.

---

कोलांटी | रविवार, दुपारी १:१५

मला आता गोष्टीतले तीन राजपुत्र फार पुचाट वाटायला लागलेत.

अजून एक विचारते आणि पळते. राणीचा नवरा आज काय होईल? लेओनोरचं लग्न झालं आणि ती गादीवर बसली तर?

---

तिठा | रविवार, दुपारी २:००

प्रिन्सिपे. १९८७ चा एक राजाज्ञेचा कागद आहे पदव्यांविषयी, त्यात राजाची बायको ती रेइना, मान माहेस्ताद. पण राणीचा नवरा तो राजा नाही, प्रिन्सिपे, मान आल्तेसा रेआल. फेलिपे एल एर्मोसोला राजा म्हटलं गेलं, १८४६ मध्ये इसाबेल दुसरीशी लग्न केलेल्या फ्रान्सिस्को दे आसिसलाही. आता ते दार बंद. माझ्या मते बायकोला एक न्याय आणि नवऱ्याला दुसरा हे जरा गमतीचंच आहे, पण त्यामागे भीती जुनी आहे: 'राजा' म्हटलं की तो खरंच राज्य करायला बघेल.

आणि वर्तमानपत्रात 'रेइ एमेरितो' वाचाल, २०१४ मध्ये पायउतार झालेल्या हुआन कार्लोसविषयी. तो शब्द पत्रकारांचा. कागदावर त्याला मानाने रेइच म्हणत राहण्याची सोय केलेली आहे.

शेवटचं: लिहिताना रेइ, रेइना, प्रिन्सेसा सगळं लहान अक्षराने, स्पॅनिश अकादमीचा २०१० पासूनचा आग्रह आहे. राजवाड्याची स्वतःची पत्रकं मात्र अजून मोठं अक्षर काढतात. देवनागरीत लिहिणाऱ्यांना ही डोकेदुखीच नाही.

---

निळीशाई | रविवार, रात्री १०:२०

वाचन झालं. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

पहिला प्रवेश जहाज सुटतानाच संपवला, म्हणून पूर्ण इन्फान्ता. आर्चिदुकेसा वाचली, कारण आमच्या हुआनाला तो शब्द तीन वेळा म्हणून बघितला तरी जमेना. तिसऱ्यात एक नोकर फेर्नांदोला 'रेइ' म्हणून जीभ चावतो. फेर्नांदो करणारा मुलगा बँकेत आहे, त्याने तो अर्धा क्षण असा काही घेतला की सगळे हसायचे थांबले.

पाचव्यात बंडखोर म्हणतो, 'बुएस्त्रा आल्तेसाने सही करावी.' मागे पहारेकरी म्हणतो, 'सु माहेस्तादचा हुकूम आहे, कुणी आत जायचं नाही.' हुआना विचारते, 'माहेस्ताद कोण?' आणि कातालिना, जी काल रात्रीपर्यंत फक्त पाणी आणून देत होती, उत्तर देते, 'तुमचा मुलगा.' बाईंना व्हिडिओ पाठवला. त्यांनी त्या जागी गोल काढला नाही.

पादिया करणारा मात्र अजून दर वाक्याला उस्तेद म्हणतोय. बुधवारी त्याला एकट्याला बोलावलंय.